पाण्याखालची पायरी

पोहण्याच्या तलावाचा नकाशा ग्रामपंचायतीच्या टेबलावर पसरला होता. इंजिनियर बोंद्रे म्हणाले, "खोल बाजूला एक शिडी पुरे."

"नाही पुरायची," कुमुदिनी म्हणाली. "आमचा वेदांग खाणीच्या पाण्यात पडला, तेव्हा त्यानं कड धरली होती. नखं तुटली होती त्याची. पाय टेकायला काही मिळालं नाही, म्हणून हात सुटले. तलावाच्या चारही भिंतींना पाण्याखाली पायरी हवी."

बोंद्र्यांची पेन्सिल थांबली. सरपंचबाईंनी पदर डोळ्यांना लावला. कुमुदिनी मात्र शांतपणे नकाशाच पाहत राहिली. मुलगा गेल्यावर तिनं आरोग्यकेंद्रात दुःख उतरवणारं इंजेक्शन घेतलं होतं. हल्ली बरेच जण घेत. आठवणी सगळ्या जागच्या जागी होत्या, फक्त त्या दुखत नव्हत्या.

तिच्या नवऱ्यानं, दिनकरनं, ते घेतलं नव्हतं. सभा संपली तेव्हा तो बाहेर उभा होता. त्यानं खिशातून एक छोटी कुपी काढली.

"त्या इंजेक्शनवरचा उतारा आणलाय," तो म्हणाला. "घे आता. एकट्यानं रडणं सोसवत नाही गं."

कुमुदिनीनं थोडा विचार केला. "तलाव होऊ द्या, मग घेते. आज मला रडू फुटलं असतं, तर पायरीचं कोण बोललं असतं?"

दिनकरनं कुपी परत खिशात ठेवली आणि बाहीनं डोळे पुसले. तिनं त्याचा हात आपल्या हातात घेतला. अशा वेळी असं करायचं असतं, एवढं तिला आठवत होतं.