नखाएवढे आरसे

ट्रेमध्ये नखाएवढे चार आरसे होते, अंतराळात जाणाऱ्या दुर्बिणीशेजारी दोन महिने ठेवलेले. तिच्या आरशावर जे साचलं, तेच यांच्यावरही. तिला शेजारच्या ग्रहाच्या वातावरणाची मंद अतिनील चमक टिपायची होती. ती अदृश्य थरानेही अडते. परावर्तन ऐंशी टक्क्यांखाली आलं, तर मोहीम रद्द. दुर्बिणीतला गोंद जोडणीआधी भट्टीत तापवायला हवा होता, नाहीतर तो वाफ सोडतो आणि ती आरशांवर बसते. “वेळ नाही,” म्हणाले होते प्रकल्पप्रमुख, माझे काका. मला नोकरीला लावलं तेही त्यांनीच. निर्धूळ खोलीत आम्ही दोघंच; मुखपट्टीत माझाच श्वास गरम लागत होता. पहिल्या आरशाचा आकडा उमटला. आकडे बाहेर सांगायचा माइक काकांनी मुठीत झाकला. “ब्याऐंशी म्हण. सर म्हणून नाही, काका म्हणून सांगतो. शेवटची मोहीम आहे माझी.” काचेपलीकडून आकडे टिपणारी खेकसली, “झोपलात की काय दोघं?” मी माइकवरची त्यांची बोटं सोडवली. “एकसष्ट टक्के.”