बत्तिसावं पान

बत्तिसावं पान उडवायचं, हे संपादकांनी जिना चढता चढताच ठरवून टाकलं. वर मुद्रितशोधक बाई बसल्या होत्या. सगळी उत्तरं आली आहेत, असा त्यांचा सकाळीच निरोप आला होता.

पुस्तक होतं जगभरातल्या सुगीच्या आणि कृतज्ञतेच्या बत्तीस सणांचं. एकेका पानावर एकेक सण. नवी आवृत्ती शाळाशाळांत जाणार होती आणि शिक्षणखात्याला प्रत्येक पानाचा पडताळा हवा होता. खोटं काही निघालं, तर पुस्तक परत. बायकोने घरून निघतानाच बजावलं होतं, "बाबांच्या पुस्तकाला धक्का लागला, तर गाठ माझ्याशी आहे."

बाबा म्हणजे संपादकांचे सासरे, थोरले साहेब. त्यांनी जग पालथं घातलं होतं. वर्षाचे चार महिने दौरा. परत आले की नवे सण कागदावर. त्यांचे प्रवासाचे बूट आजही ऑफिसात काचेच्या कपाटात होते. एवढं जग तुडवूनही टाच तसूभर झिजलेली नव्हती. "तेव्हाच्या वस्तूच भक्कम," असं संपादक येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. सासूबाई मात्र म्हणायच्या, "हे दौऱ्यावरून यायचे ते गुटगुटीत होऊन. बहिणीकडे राहून यावं तसे." पण सासूबाईंचं नणंदेशी कधी पटलंच नव्हतं, त्यामुळे ते कुणी मनावर घेतलं नाही.

बत्तीसपैकी एकतीस सण साहेबांचे. बत्तिसावा जावयाचा.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी, पहिल्या आवृत्तीच्या वेळी, शेवटच्या फर्म्यात एक पान कोरं राहत होतं. यंत्र सोळा पानं एकदम छापतं, त्याला पंधरा चालत नाहीत. साहेब दौऱ्यावर. जावयाने नकाशावरचा सगळ्यात बारीक ठिपका शोधला, जिथून कुणी जाब विचारायला येणार नाही असा, आणि त्या गावाच्या नावावर अर्ध्या तासात सण रचला. शेवटचं धान्य घरात आलं की प्रत्येकाने एक टोपली भरून शेजाऱ्याच्या दारात ठेवायची. नाव सांगायचं नाही. कुणी ठेवली, ते विचारायचंही नाही.

साहेबांनी आल्यावर ते वाचलं. "जुन्या मासिकात सापडलं," जावयाने ठोकून दिलं. साहेबांनी चष्म्यावरून बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं.

"जमतंय तुम्हाला," ते म्हणाले. सासऱ्यांनी उभ्या जन्मात केलेलं तेवढंच कौतुक.

"बाई, ते शेवटचं पान काढतोय," संपादक खुर्चीत बसत म्हणाले. "त्या जागी साहेबांचा फोटो घेऊ. बूट घातलेला."

"का हो, सर?"

"लेखणी जुळत नाही. बाकीची पानं बघा. प्रत्येक सण संपतो तेव्हा भुरभुर पाऊस येतो. स्वतः उभं राहून बघितल्याशिवाय असं लिहिता येत नाही. या पानात पाऊसच नाही."

"वाळवंटातल्या तिन्ही सणांत आहे."

"साहेबांचा पायगुण."

बाई हसल्या नाहीत. बत्तीस गावांच्या शाळांना त्यांनी स्वतः पत्रं लिहिली होती, सहा महिने पाठपुरावा केला होता. टेबलावर उत्तरांचे दोन भाग होते. डावीकडे सुतळीने बांधलेला जाड गठ्ठा. उजवीकडे एकटं पाकीट, आणि त्यावर त्या ठिपक्याएवढ्या गावाचं नाव.

आपलं पान पकडलं गेलं, हे संपादकांनी ओळखलं. पण एकदा अंगावर आलंच म्हटल्यावर त्यांना उलट हुरूप आला. जावई बुडाला तरी चालेल, साहेब तरंगले पाहिजेत.

"बाई, लिहून घ्या," ते ताठ बसले. "ते पान मी रचलंय. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत. साहेबांचा त्यात काडीचा संबंध नाही. खात्याला हवं तर माझ्या सहीचं पत्र जाईल."

"रचलंत?"

"बसल्या बसल्या. ह्याच खुर्चीत."

बाईंनी लिहून घेतलं नाही. पाकिटातून त्यांनी एक फोटो काढला आणि संपादकांपुढे ठेवला. एक अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना दारं, आणि दर दारात एक भरलेली टोपली.

"तिथल्या मुख्याध्यापिका लिहितात," बाई म्हणाल्या, "गावात आलेल्या कुणा पाहुण्याने तुमचं पान वाचून दाखवलं. आपलाच सण आपण विसरलो, याची सगळ्यांना लाज वाटली. गेली सत्तावीस वर्षं एकदाही चुकवला नाही म्हणे. दोन भावक्यांत कोर्टकज्जे होते, तेही टोपल्यांनीच मिटले. आभार मानलेत."

संपादकांनी फोटो हातात घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. मग सैल होऊन मागे टेकले. आज घरी जाऊन बायकोला छाती पुढे काढून सांगता येणार होतं.

"म्हणजे हे पान राहू दे म्हणता?"

"हे राहील, सर." बाईंनी डावीकडचा गठ्ठा उचलून त्यांच्यापुढे ठेवला. "काढायची आहेत ती ही एकतीस."