रिकामी गल्ली

पैज मिशीवर लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावात लढाईची तालीम होती. भोंगा वाजला की सगळ्यांनी घरं सोडायची आणि कापसाच्या जिनिंगच्या मैदानात जमायचं, असं तालुक्याचे साहेब सांगून गेले होते. सीमेवर भडका उडालेला, आणि गावाच्या पलीकडे दारूगोळ्याचा कारखाना. बॉम्ब पडलाच तर कुठे पडेल हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. लोकांचे चेहरे उतरलेले. योगराजला तेवढ्यातही गंमत सुचली.

"नाना, लावता का? आमची वरची गल्ली आधी रिकामी होईन, तुमची खालची मागून. हरला त्यानं चौकात बसून मिशी उतरवायची."

जीवरामनानांनी आपल्या पांढऱ्या मिशीवरून हात फिरवला. "लावली. तुह्या मिशीनं तं सारं गाव झाडता येईन. उतरली तं बरंच."

संध्याकाळी योगराज घरोघर फिरला. उद्या चपला घालूनच उंबऱ्यावर बसा. शेगडी आधीच विझवा. कुलपं हातात ठेवा. शिट्टी वाजली की मागं वळून पाहायचं नाही. लोकांनाही चेव चढला. कितीतरी दिवसांनी गल्लीत कोणी हसत होतं.

घरी आला तर बायको ज्योत्स्ना म्हणाली, "अन मायचं काय?"

मायचं कंबरेचं हाड मोडल्यापासून ती कॉटवरच. समोर टीव्ही. दिवसभर त्यावर पडलेल्या इमारती, धूर, गाठोडी घेऊन पळणारी माणसं. माय ते सगळं डोळे न मिटता पाहायची.

"राहू दे घरातच. तिघं-चौघं लागतीन उचलायले. दारातच गल्ली अडकीन. नाटकच तं हाये."

"मंग तिले सांगून तरी ठेवा."

"अजिबात सांगू नको. सांगितलं तं म्हनीन, मले बी न्या."

सकाळी भोंगा वाजला. योगराजने शिट्टी फुंकली आणि पोत्यातून ज्वारी सांडावी तशी गल्ली बाहेर सांडली. पोरं काखेत, कुलपं धडाधड. योगराज आपल्याच घराच्या उघड्या दारावरून पळाला; आत माय. दार त्याने जाता जाता ओढून घेतलं.

मैदानात वरची गल्ली पहिली पोचली. साहेबांनी मोबाइलवर वेळ पाहिली. खूश झाले.

"वरची गल्ली. सगळे आले?"

"सगळे," योगराज सगळ्यांच्या आधी म्हणाला.

खालची गल्ली येता येईना. आली तेव्हा कारण दिसलं. नानांची लकवा झालेली आत्या बेबाबाई, केळीच्या हातगाडीवर गोधडी टाकून बसवलेली, डोक्यावर छत्री. नाना गाडी लोटताहेत, दोन्ही बाजूंनी माणसं धरताहेत, आणि मागं अख्खी गल्ली तिच्याच चालीने.

"नाना, वरात काढली का?" योगराज ओरडला. वरची गल्ली खिदळली.

"हळू लोट रे जीवराम," बेबाबाई गाडीवरून म्हणाली, "लढाई का पयून चालली?"

आता तर साहेबही हसले. फक्त नाना हसले नाहीत. धाप लागली होती त्यांना. "हरलो बापा. सांजच्याले चौकात येतो," म्हणाले आणि गाडी सावलीत नेली.

योगराज शीळ घालत घरी आला. दार ढकललं. टीव्ही चालूच होता. माय भिंतीकडे तोंड करून पडलेली. त्याने हाक मारली. ती हलली नाही. परत मारली. जवळ जाऊन पाहिलं तर गोधडीची शिवण उसवून मायने कापूस काढला होता आणि दोन्ही कानांत कोंबला होता. डोळे गच्च मिटलेले.

त्याने खांद्याला हात लावला. माय दचकली. त्याला पाहिलं. एका कानातला कापूस त्यानेच काढला.

"पोरं गेली का दूर?" मायने विचारलं.

"माय, ते..."

"तू पयताना दिसला मले. हाक नही मारली. म्हटलं, मारली तं थांबशीन." तिने त्याचा हात झटकला. अंगात ताकद नव्हती, तरी झटकला. "आता कशाले आला माघारी? जाय. माह्यापाई मरू नको."

योगराज गेला नाही. टीव्ही बंद करून कॉटच्या पायाशी बसून राहिला.

संध्याकाळी चौकात दोन्ही गल्ल्या जमल्या. अभिमन न्हाव्याने खुर्ची मधोमध मांडली होती. नाना बसले होते, मिशीला साबण लागलेला. वस्तरा उघडला तेवढ्यात योगराज गर्दीतून पुढे आला.

"उठा नाना."

"अरे, तू तं जिंकला."

"नही. आमची गल्ली रिकामी नव्हती झाली. माय घरात होती."

खालच्या गल्लीतून कोणी हसलं. हा योगराजचा नवा खेळ वाटला असेल. नाना हसले नाहीत. त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने साबण पुसला आणि उठले. योगराज खुर्चीत बसला.

अभिमनने त्याच्या मिशीला साबण लावला. वस्तरा वर नेला आणि तिथेच थांबला.

"योगराजभाऊ, मिशी मायबाप गेल्यावर उतरवतात. तुही माय जिती हाये. माह्या हातून नही व्हायचं हे."

"उतरव," योगराज म्हणाला. "भोंगा वाजला तव्हा मी तिले मेलीच धरून निंघालो होतो."