घरच्या पडवीतला अल्बम

आई चवथीच्या आधी गेली. मागोमाग रुद्रेशचा फोन केरीच्या समुद्रात पडला आणि तिचा आवाज असलेलं काहीच त्याच्यापाशी उरलं नाही. त्याने सगळ्या नातेवाइकांचे फोन धुंडाळले. फोटो ढीगभर मिळाले, पण एकातही ती बोलत नव्हती.

अशात कळलं, त्याच्या जुन्या हेवी मेटल बँडने सुरुवातीच्या गाण्यांचा अल्बम काढलाय. ती गाणी त्यांनी पार्से गावातल्या त्याच्याच घरच्या पडवीत टेप केली होती. स्कूटर पिटाळत तो हरमलला सीडीच्या दुकानात पोचला.

"घेण्यासारखा आहे का रे?" सीडी हातात घट्ट धरून त्याने विचारलं. "रेकॉर्डिंग घरातलंच आहे ना? तेव्हाचंच?"

दुकानदाराला वाटलं, गिऱ्हाईक खराब आवाजाला भितंय.

"बिनधास्त घे रे! बँडवाले सांगत होते, टेपा पार कुजल्या, पण त्याआधी गाणी वाचवली. मधेच कोण एक बाई हाक मारायची म्हणे, 'रुद्रेशा, चाय निवता रे!'

"ती तेवढी पुसून काढलीय."