डोळ्याखालचा तीळ

"हा तीळ आजच जाळून टाक. डोळ्याखालचा तीळ म्हणजे जन्माचं रडं, असली सून मला नको," होणारी सासू खेकसली. नवरी मुलगी पार्लरच्या पलंगावर डोळे मिटून वाफ घेत पडून होती. फेशियल करणाऱ्या बोग्यंगच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुनेच्या चेहऱ्यात घराचं नशीब वाचणाऱ्या असल्या बायका कोरियातल्या तेगू शहरात गल्लोगल्ली होत्या. "काकू, जाळलं की खड्डा पडतो. मी त्वचा जपते, जाळत नाही." "तुला काय कळतंय? हे बघ, इथे," म्हणत सासू पलंगावर वाकली. बोग्यंगने भिंगाचा दिवा सर्रकन तिच्याच तोंडावर वळवला. पावडरीखाली, त्याच जागी, पांढरा खड्डा होता. "तुमचा कोणी जाळला?" "सासूबाईंनी," ती नकळत बोलून गेली. "मग थांबलं का रडणं?" नवरीने डोळे उघडले. भिंगाखाली तो खड्डा हळूहळू पाण्याने भरला. बोग्यंगने दिवा हलवला नाही.