एकच इअरमफ

सांडपाण्याच्या गाळात अल्ट्रासाऊंड सोडलं की माझी टाकी कर्कश किंचाळायची. प्रयोगशाळेने आवाजापासून कान झाकणारं इअरमफ एकच दिलं होतं. ते मी लावायचे.

“ताई, तुम्हाला टोपरं आणि आमचे कान उघडे?” गाळ ढवळणारे भिवाकाका एकदा हसून म्हणाले.

“काका, अल्ट्रासाऊंड माणसाला ऐकूच येत नाही,” मी पुस्तकातलं उत्तर दिलं. टाकीची किंचाळी मात्र ऐकू येतच होती. तरी दुसरं इअरमफ मागायचं राहून गेलं.

आठ महिन्यांनी त्या गाळातून एक तृतीयांश जास्त गॅस निघू लागला. आज काकांनी त्याच गॅसवर पहिला चहा ठेवला. शेगडीच्या भर्र आवाजाने खोली भरून गेली.

काका ज्योतीपाशी वाकले. “बघा ताई, तुमचा गॅस किती गुणी. जळताना जरासुद्धा आवाज नाही.”

इअरमफ अजून माझ्या गळ्यात होतं.