पाठवणी

"काका, क्लच गेलाय हिचा," निनाद बॉनेटवर थाप मारत म्हणाला. "त्यात गिअरची. एवढी मोठी गाडी हल्ली सगळ्यांना ऑटोमॅटिकच लागते. हिला भंगारवाला तरी घेईल का, शंकाच आहे."

क्लचला काहीच झालं नव्हतं. मघाशी चक्कर मारतानाच तो त्या जुन्या, काळ्याभोर जर्मन गाडीच्या प्रेमात पडला होता. पण शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांत आलिशान गाडी बसवायची, तर आधी तिला भरपूर नावं ठेवायची, असं हॉस्टेलवरच्या मित्रांनी त्याला पढवून पाठवलं होतं.

काकांनी गुडघा चोळला. "मला आता क्लच दाबवत नाही, म्हणून विकतोय रे. दे तुला जमेल ते."

निनाद मनातल्या मनात उड्या मारत किल्ली घेणार, तोच काकू घरातून निरांजन लावलेलं तबक घेऊन आल्या. त्यांनी गाडीला हळदकुंकू वाहिलं, ओवाळलं, निनादच्या हातावर दही ठेवलं. मग वाकून, बॉनेटवरून हात फिरवत त्या गाडीला हळूच म्हणाल्या, "तो बोलला ते मनावर घेऊ नकोस हो. पोर आहे ते. नीट घरी ने त्याला."

निनादला मान वर करवेना. गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. क्लच अलगद दबला, गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला. निदान फाटकापर्यंत तरी तिने एखादा आचका द्यावा, असं त्याला कळवळून वाटत होतं.

तिने दिला नाही.